श्रावणी : शाळा सुरू होण्याचा दिवस आणि जानव्याचा हक्क



संयोजकांनी विषय म्हणून एकच शब्द लिहून पाठवला होता, 'श्रावणी'. मी सहज चारपाच जणांना विचारलं, श्रावणी म्हणजे काय हो? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं : जानवं बदलायचा दिवस. एकाने पुढे जोडलं, "आणि पंचगव्य प्यायचा." (हशा) उत्तर चूक नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पुरत नाही, कारण जानवं बदलायला श्रावणी लागतेच असं नाही. जानवं तुटलं की बदलायचं, सुतक फिटलं की बदलायचं, सोयर संपलं की बदलायचं. मग वर्षातल्या ह्या एका दिवसालाच जानव्याचा सण असं रूप का आलं? आणि त्या दिवशी कोणी बसायचं, कोणते मंत्र म्हणायचे, यावरून आपल्या महाराष्ट्रात राजवाड्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत एवढं रण का पेटलं? आज बोलायचं आहे ते ह्याच्याबद्दल.

आधी मूळ शब्द घेऊ. श्रावणीचं शास्त्रातलं नाव 'उपाकर्म'. उपाकर्म म्हणजे आरंभ, आणि हा आरंभ वेदाध्ययनाच्या सत्राचा. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलंय की वनस्पती उगवून आल्या की, श्रावण महिन्यात श्रवण नक्षत्रावर, नाहीतर हस्त नक्षत्रावरच्या पंचमीला, गुरूने आपल्या शिष्यांना बरोबर घेऊन हा विधी करावा. 'वनस्पती उगवून आल्या की' हे शब्द जरा डोळ्यांसमोर आणा. पाऊस पडलाय, रान हिरवं झालंय, वाटा चिखलाने बंद झाल्यात, प्रवास थांबलाय. ज्यांना गुरुकुलात बसून पाठ करायचं, त्यांच्यासाठी ह्याहून सोयीचा काळ कोणता? आपल्या शाळा जूनमध्ये उघडतात, तशी ही श्रावणात उघडत असे.

आणि शाळा म्हटली की सुट्टी आली. सत्र सहा महिन्यांचं, असं आश्वलायन म्हणतो. मनुस्मृतीत साडेचार महिने सांगितलेत. ते संपलं की 'उत्सर्जन' करायचं, म्हणजे अध्ययन रीतसर थांबवायचं. हा विधी पौष-माघाच्या सुमाराला, गावाबाहेर पाण्याच्या काठी. त्यानंतर उरलेल्या काळात वेदांगं करा, व्याकरण करा, ज्योतिष करा. सत्र चालू असतानाही अनध्यायाचे दिवस असायचेच. ढग गडगडले तर पाठ बंद. कोल्हे ओरडले, कुत्री भुंकली, गाढव रेकलं, तरी पाठ बंद. ही यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अगदी तपशिलाने आहे आणि ती वाचताना मला नेहमी वाटतं, ही कोणातरी अनुभवी मास्तरांनी केलेली आहे. पोरांचं लक्ष कशाकशाने उडतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आजची श्रावणी बघा. पुण्यात, वाईत, सांगलीत, कोकणातल्या एखाद्या गावात, देवळाच्या सभामंडपात पाट मांडलेले. चाळीस-पन्नास पुरुष सोवळ्यात, समोर ताम्हन, पळी, पंचपात्र. गुरुजी ध्वनिक्षेपकावरून सांगतात, मंडळी मागून म्हणतात. लांबलचक संकल्प, त्यात वर्षभरात कळत-नकळत घडलेल्या पापांची उजळणी. मग पंचगव्य. मग सुपाऱ्यांवर सप्तर्षींची पूजा, त्यांच्याबरोबर अरुंधतीचीही. होम, ऋषितर्पण. ऋग्वेद्यांकडे दही घातलेलं सातूचं पीठ, तेही दात न लावता गिळायचं. आणि मग नवं जानवं : आधी नवं घालायचं, नंतर जुनं काढायचं, म्हणजे अंग एक क्षणही मोकळं राहत नाही. जुनं पाण्यात सोडून द्यायचं. दोन-अडीच तासांत सगळं आटोपतं आणि मंडळी कचेरीला जातात.

ह्या दोन-अडीच तासांत एक गंमत दडलेली आहे, ती बसणाऱ्यांच्याही बहुधा लक्षात येत नाही. संकल्पात नीट ऐकलंत तर शब्द येतात 'उत्सर्जन-उपाकर्म'. म्हणजे गेल्या वर्षीचं सत्र संपवण्याचा विधी आणि ह्या वर्षीचं सुरू करण्याचा विधी, दोन्ही त्याच सकाळी, त्याच पाटावर. शाळा सव्वानऊला सुटते आणि साडेनऊला भरते. (हशा) मधले सहा महिने कुठे गेले? तर अध्ययनच गेलं, म्हणून महिनेही गेले. काही थोडी घराणी सोडली तर वेद पाठ करणं पुष्कळ आधी सुटलं होतं. राज्याच्या दफ्तरात कारकुनी करायची, सावकारी करायची, शेती बघायची, नंतर इंग्रजी शाळेत जायचं. त्या माणसाला पौषात नदीकाठी जाऊन काय थांबवायचं होतं? तेव्हा दोन्ही विधी एकत्र बांधले गेले. सत्राचा आरंभ आणि शेवट उरला, सत्र गळालं. आणि सत्र गळाल्यावर ह्या विधीत हाताला लागण्यासारखं, घरी अंगावर घेऊन जाण्यासारखं काय राहिलं? जानवं.

तिथीचा घोळही इथेच सांगून टाकतो. ऋग्वेद्यांनी श्रवण नक्षत्र धरायचं, यजुर्वेद्यांनी पौर्णिमा, सामवेद्यांनी भाद्रपदातलं हस्त. त्यात ग्रहण किंवा संक्रांत आली की पुन्हा सगळं हलतं. काशीच्या कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२चा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९०चा. दोन्हींत ह्या निर्णयाला भरपूर जागा दिलेली आहे. आपली पंचांगं आजही बरीचशी त्यांच्याच बोटाला धरून चालतात. कमलाकरभट्टांचं नाव लक्षात ठेवा, त्यांच्या पुतण्याकडे आपल्याला थोड्या वेळात जायचं आहे.

आता जानव्याकडे. यज्ञोपवीत हा शब्द वेदकाळापासून आहे, पण तेव्हा तो आजच्या सुताच्या धाग्याला होता का? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे फार शांतपणे उलगडून दाखवलं आहे. जुन्या ग्रंथांत उपवीत म्हणजे वस्त्र घेण्याची एक तऱ्हा. देवकार्यात उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली, पितृकार्यात उलट, माणसांच्या कामात गळ्यात माळेसारखं. तैत्तिरीय आरण्यकात तर कातडं किंवा वस्त्र असं सरळ म्हटलंय. वस्त्र नसेल तर नुसतं सूत चालेल, ही सवलत आपस्तंबासारख्या धर्मसूत्रांत येते. त्या सवलतीचा पुढे नियम झाला. आणखी एक गोष्ट काण्यांनी नोंदवलीय : मुंजीचं सविस्तर वर्णन करणाऱ्या कित्येक गृह्यसूत्रांत बटूला जानवं घालण्याचा उल्लेखच नाही. मेखला आहे, दंड आहे, अजिन आहे, जानवं नाही. आज मुंज म्हटल्यावर जी वस्तू पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते, तिचं त्या वर्णनांत नावही नाही.

पुढे मात्र ह्या सुताचं शास्त्र चांगलंच वाढलं. कापूस घरी कातायचा, चार बोटांवर शहाण्णव वेढे घ्यायचे, तिपदरी करून पुन्हा तिपदरी करायचं म्हणजे नऊ तंतू, प्रत्येक तंतूवर एक देवता, आणि शेवटी ब्रह्मगाठ. शहाण्णव म्हटलं की आपल्याला कुळी आठवतात, इथे ते वेढे आहेत. ब्रह्मचाऱ्याला एक जानवं, गृहस्थाला दोन. जुन्या घरांत विधवा बायका टकळीवर जानव्याचं सूत काढत बसलेल्या असत. त्यांना स्वतःला तो धागा घालायची परवानगी नव्हती. त्यांनी कातलेला मात्र चालत होता.

बरं, आता मुख्य गोष्ट. धागा अंगावर दिसतो. वेद येतो की नाही ते दिसत नाही. त्यामुळे विद्येची खूण म्हणून आलेली वस्तू हळूहळू जन्माची खूण झाली, आणि ती कोणाच्या अंगावर असावी हा प्रश्न सत्तेचा झाला.

कमलाकरभट्टांचे पुतणे म्हणजे विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट. मूळ पैठणचं, काशीत स्थायिक झालेलं हे घराणं. १६७४च्या उन्हाळ्यात रायगडावर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण क्रम बघा. ६ जूनला राज्याभिषेक. त्याच्या आठ दिवस आधी, २९ मेला, महाराजांची मुंज. वय चव्वेचाळीस. मुंज एवढ्या उशिरा होते म्हणून त्याआधी प्रायश्चित्त. मुंज झाल्यावर आधीच्या राण्यांशीच पुन्हा समंत्रक विवाह. ज्या माणसाने तीस वर्षं तलवारीच्या आणि बुद्धीच्या बळावर राज्य उभं केलं, त्याला सिंहासनावर बसण्याआधी खांद्यावरून एक सूत घ्यावं लागलं. कारण 'कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण उरले, क्षत्रिय संपले' हे मत त्या काळी चांगलंच जोरात होतं. गागाभट्टांनी त्या मताला वळसा घालून वाट काढली. ती वाट एका माणसापुरती होती, की त्याच्या घराण्यापुरती, की सगळ्या मराठ्यांसाठी? ह्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कोणी दिलं नाही, आणि पुढची सव्वादोनशे वर्षं महाराष्ट्र ते शोधत राहिला.

मधल्या काळात पेशवाईत चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त अधिकारावरून ग्रामण्यं झाली. ग्रामण्य म्हणजे एखाद्या जातीचा धर्माधिकार नाकारून तिला वाळीत टाकण्याचा खटला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ह्याचा साद्यंत इतिहास लिहिला, तो वाचण्यासारखा आहे. भाषा तिखट आहे, पण कागद हाताशी ठेवून लिहिलेलं आहे. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या काळात हाच वाद पुन्हा उठला. मी तिकडे वळत नाही, वेळ कोल्हापूरला द्यायचा आहे.

एकोणिसावं शतक संपत आलेलं. कार्तिक महिना. शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. मंत्र म्हणायला नारायण भट नावाचे उपाध्ये. बरोबर मुंबईचे पंडित राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या कानाने पकडलं की भटजी म्हणतायत ते पुराणोक्त मंत्र आहेत, वेदोक्त नव्हेत. आता हा फरक काय, ते नव्या श्रोत्यांसाठी सांगतो. वेदोक्त म्हणजे वेदातल्या ऋचा, स्वरांसह, त्या द्विजांसाठी. पुराणोक्त म्हणजे पुराणातले श्लोक, ते शूद्रांसाठी. नुसतं ऐकणाऱ्याला दोन्ही संस्कृतच. विचारल्यावर उत्तर आलं ते असं की, शूद्राला पुराणोक्तच सांगायचं असतं. भटजींनी स्वतः आंघोळही केलेली नव्हती, कारण पुराणोक्त सांगायला तिची गरज नाही! छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाला त्याच्याच पगारी उपाध्यायाने नदीत उभं असताना हे सुनावलं.

महाराजांनी तिथे आरडाओरडा केला नाही. पुढची पायरी त्यांनी फार विचाराने टाकली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९६मध्येच वाड्यातले विधी वेदोक्त करून घेतले होते, तो दाखला समोर होता. कोल्हापूरच्या वाड्यातले विधीही वेदोक्त व्हावेत असा हुकूम निघाला. श्रावणी त्यातलीच. आणि बघा, ही निवड नेमकी आहे. सत्यनारायण कोणीही घालतो, अभिषेक कोणाच्याही नावाने होतो. श्रावणी मात्र फक्त मुंज झालेल्या द्विजाची, तिला पुराणोक्त पर्यायच नीटसा नाही. श्रावणी वेदोक्त झाली म्हणजे बाकीचा वाद संपल्यात जमा. म्हणूनच राजोपाध्ये अडून बसले. महाराजांनी दुसऱ्या पुरोहिताकडून काम करवून घेतलं आणि राजोपाध्यांना सांगितलं, वतन खाता ते वाड्यातल्या धर्मकृत्यांसाठी. कृत्य करणार नसाल तर वतन कशाचं? मे १९०२मध्ये ते वतन जप्त झालं. राजोपाध्यांनी पोलिटिकल एजंटापासून व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली. कुठेही लागली नाही.

टिळकांनी ऑक्टोबर १९०१मध्ये 'केसरी'त ह्यावर लिहिलं. वेदमंत्रांनी संस्कार झाल्याने मराठ्यांच्या योग्यतेत काही भर पडणार नाही, हे एक खूळ आहे, असा एकूण सूर. मला टिळकांबद्दल आदर आहे आणि तरी हे म्हणायला हवं की इथे त्यांचा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. मंत्रांनी काहीच फरक पडत नसेल, तर ते म्हणायला एवढी आडकाठी कशासाठी? ज्याच्याकडे ती वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला ती क्षुल्लक वाटते. पंचगंगेत उभं असलेल्या माणसाला ती क्षुल्लक वाटायचं काही कारण नव्हतं.

१९०५मध्ये करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. वाद मिटला, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. काय मिटलं? छत्रपतींच्या घराण्याला मान्यता मिळाली. कोल्हापुरातल्या कुणब्याला, साळ्याला, चांभाराला काय मिळालं? हे महाराजांच्याही लक्षात आलं होतं असं मला वाटतं, कारण तारखा बोलतात. वतन जप्त झालं मे १९०२ला. त्याच वर्षी २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. अडीच महिन्यांचं अंतर. देवघरात जो मक्ता दिसला तोच कचेरीतही आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे मराठा मुलांना पौरोहित्य शिकवायला वैदिक विद्यालय निघालं, १९२०मध्ये क्षात्रजगद्‌गुरूंची गादी स्थापन झाली. म्हणजे श्रावणीचा जो मूळ अर्थ, मुलांना बसवून वेद शिकवणं, तो कोल्हापुरात खरोखर अमलात आला तो अशा भांडणातून.

ह्याला दुसरी बाजू होती आणि ती आधीची होती. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांनी 'आम्हालाही वेदोक्त द्या' असं म्हटलंच नाही. भटजीच नको, मध्यस्थच नको, हे त्यांचं म्हणणं. त्या दृष्टीने पाहिलं तर वेदोक्तासाठी भांडणं म्हणजे ज्याने दार बंद केलं त्याच्याच दारात उभं राहणं. शाहू महाराजांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसतात, आर्य समाजाकडेही ते ओढले गेले. ते एकाच माळेत ओवता येत नाहीत आणि ओवायची गरजही नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीतही जानव्याचं एक छोटं प्रकरण आहे, ते फारसं सांगितलं जात नाही. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, ते सगळ्यांना माहीत. त्यानंतर १९२९मध्ये चिपळूणच्या परिषदेत त्यांचे सहकारी देवराव नाईक यांच्या हस्ते अस्पृश्य मंडळींना जानवी वाटण्यात आली. आधी ग्रंथ जाळायचा आणि मग त्यातलंच सूत घालायचं, ही विसंगती आहे का? मला वाटत नाही. जो धागा फक्त काहींच्या अंगावर असतो तोच खूण ठरतो. हजारोंच्या खांद्यावर आला की त्याची खूण म्हणून किंमत संपते. हा मार्ग पुढे त्यांनी सोडून दिला, १९५६ पर्यंत ते फार लांब गेले होते. पण १९२९ साली तो करून पाहिलेला आहे, एवढी नोंद हवी.

ह्याच पौर्णिमेला आपल्याकडे कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात आणि बहिणी राखी बांधतात. राखीही सूतच. नेपाळात ह्या दिवसाला जनै पूर्णिमा म्हणतात. तिथली पद्धत मला फार बोलकी वाटते. तागाधारी, म्हणजे जानवं घालणारे, जानवं बदलतात. आणि त्याच दिवशी पुरोहित रक्षेचा दोरा मनगटावर बांधतो तो कोणाच्याही, बाई असो पुरुष असो, जात कुठलीही असो. तो दोरा दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनापर्यंत ठेवून मग गाईच्या शेपटीला बांधायचा. एक धागा निवडक लोकांचा, एक सगळ्यांचा, एकाच दिवशी. पण ह्याच नेपाळात जंगबहादूर राणांच्या १८५४च्या मुलुकी ऐन ह्या कायद्यात 'तागाधारी' हा अख्खा कायदेशीर वर्ग होता. त्या वर्गातल्या माणसाला गुलाम करता येत नसे. खालच्या वर्गांपैकी काहींना करता येई. आपल्याकडे जानवं हा धर्मसभेतला वाद राहिला, तिथे तो दंडसंहितेत गेला. १९६३च्या नव्या कायद्याने ते वर्ग काढून टाकले.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ऋग्वेदी मंडळींच्या ब्रह्मयज्ञात तर्पण आहे, आश्वलायन गृह्यसूत्रातलं. आधी देवता, मग ऋषी, मग आचार्य. एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडायचं. त्या आचार्यांच्या रांगेत तीन नावं बायकांची आहेत : गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी. कोणाची पत्नी म्हणून, कोणाची आई म्हणून त्या तिथे नाहीत. पाणी मिळतं ते शिकवणाऱ्या म्हणून. ज्या मंडपात बाईला पाटावर बसायला जागा नव्हती, तिथे बसलेले पुरुष शतकानुशतकं ही तीन नावं बिनचूक म्हणत आले. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्री पुरोहित तयार केल्या, मुलींच्या मुंजीही होऊ लागल्या, तेव्हा 'हे कुठल्या शास्त्रात आहे' असं विचारणारे बरेच भेटले. त्यातल्या काहींनी त्याच सकाळी तर्पण केलेलं असणार.

येत्या श्रावणीला तुमच्यापैकी कोणी बसणार असाल, तर गुरुजी तिथे आले की कान देऊन ऐका. ते जरा भरभर म्हणतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.